वेचणी किलोवर, डॉक्टर सुईवर

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो तर पारावर एकच विषय. तालुक्याला नवीन डॉक्टर आलाय, एमडी झालेला, तपासायचे तीनशे घेतो, वीस वीस मिनिटं बसवतो, पोट दाबून बघतो, काय खाता किती झोपता सगळं विचारतो आणि शेवटी एका गोळीची चिठ्ठी हातात देतो. आमचे एक काका दोन दिवस धुसफुसत होते, भेटेल त्याला सांगायचे, "सुई बी टोची नही, अन् तीनशे रुप्या ली लिधात!" मग तिथंच ठरलं की सह्या गोळा करायच्या आणि कलेक्टरला निवेदन द्यायचं, कोणत्याच डॉक्टरची फी शंभरच्या वर नको. भाऊबंदकीतला एक पोरगा, ज्याची बहीण एमबीबीएसला आहे, तो एकटाच उलट बाजूनं भांडत होता, की लग्नात डीजेला देता तेव्हा पैसे मोजत नाही, बारा वर्षं शिकलेल्या माणसाला तीनशे द्यायला जीव जातो का. एकाचं म्हणणं डॉक्टर लुटारू, दुसऱ्याचं म्हणणं डॉक्टर देव, आणि संध्याकाळपर्यंत वाद तिथंच फिरत राहिला.

मला दोन्ही बाजू चुकताहेत असं वाटतं, आणि सह्यांचा कागद तर पेशंटच्याच मुळावर येणारा आहे. डॉक्टरला किती पैसे मिळतात हा प्रश्न दुसरा, ते कशाचे मिळतात हा पहिला. आज आपण तपासण्याचे, ऐकून घेण्याचे, विचार करण्याचे पैसे जवळपास देतच नाही, सुईचे देतो, सलाईनचे देतो, रक्तलघवीच्या टेस्टचे देतो, ऑपरेशनचे देतो. ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळतंय. तपासायची फी खुशाल वाढू द्या, पण औषध, टेस्ट आणि रेफर (पेशंट पुढच्या दवाखान्यात पाठवणं) यातनं डॉक्टरच्या खिशात एक रुपयाही जाता कामा नये, ही मागणी घेऊन कलेक्टरकडे जा, मी पहिली सही करतो.

हे आपल्याला कळायला अवघड नाही, कारण खान्देशातला प्रत्येक शेतकरी मजुरी कशी द्यायची याचा विचार दरवर्षी करतो. कापूस वेचणी आपण किलोवर देतो. किलोवर दिली की काम झपाट्यानं होतं, पण दव सुकायच्या आधीच बाया वावरात असतात कारण ओला कापूस वजनाला भरतो, पाला येतो, कवडी म्हणजे खराब बोंडाचा कापूस येतो, आणि जिनिंगला व्यापारी नाक मुरडतो. त्या बाया काही बेइमान नसतात, घरी लेकरं असतात, हंगाम दोन महिन्यांचा असतो, आणि वजन हेच आपण मोजतो. त्याच बाया रोजानं लावल्या तर कापूस स्वच्छ येतो पण दिवसाला निम्माच, आणि बांधावर उभं राहावं लागतं. निंदणी रोजानं, नांगरटी उक्ती, म्हणजे पूर्ण कामाचे पैसे आधी ठरवून. आता सांगा, बैल सांभाळायचं काम कुणी कधी उक्तं दिलंय का? पाणी पाजायचे इतके, खरारा करायचा इतके, असा हिशोब कुणी केलाय? नाही केला, त्यासाठी वर्षभराच्या ठरावावर सालदार ठेवतो, आखाजीला त्याचं साल ठरतं, कारण जनावराकडे लक्ष ठेवणं हे काम मोजता येत नाही आणि मोजायला गेलं तर बैल मरेल हे आपल्या आजोबांना कळत होतं. माणसाच्या तब्येतीचं काम यातलं कोणतं आहे? मला तरी ते बहुतेक सालदारकीचं वाटतं आणि आपण ते किलोवर देऊन ठेवलंय.

पारोळ्याला एका मेडिकलवर मी नऊ वर्षं काउंटरला होतो. शेजारी दवाखाना. पन्नास रुपयात तपासणी, एक सुई आणि दोन दिवसांची पुडी. गर्दी इतकी की सकाळी नंबर लावायला पोरं पाठवायचे. आता हिशोब करा, पन्नास रुपयात डॉक्टर पेशंटला किती वेळ देईल? दोन मिनिटं. दोन मिनिटात ताप कशाचा ते कळत नाही, मग सगळ्यावरच मारा, अँटिबायोटिक पण आणि दुखण्याची पण आणि पुडीत ती बारीक पांढरी गोळी पण, स्टिरॉइडची, तिनं दुसऱ्या दिवशी माणूस उठून वावरात जातो आणि डॉक्टरचा हातगुण गावभर होतो. ज्याला अशक्तपणा त्याला सलाईन, तिचे वेगळे पैसे. आमची मोठी माय गुडघ्यासाठी त्याच दवाखान्यात चार वर्षं गेली, दर पंधरवड्याला सुई, आणि खूप बरं वाटायचं तिला, मग शुगर निघाली, हाडं ठिसूळ निघाली, घरात पाय घसरून खुबा मोडला. त्या डॉक्टरबद्दल मी वाईट बोलणार नाही. रात्री दोनला दार वाजवलं तरी बनियनवर बाहेर यायचा, गरीबाचे पैसे सोडून द्यायचा, आमच्या आबांच्या छातीत दुखलं तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून धुळ्याला घेऊन गेला. पण त्याचं घर चालायचं ते पन्नासातल्या तपासणीवर नाही, पुडी आणि सुई यांच्यावर, आणि माणूस ज्याच्यावर जगतो त्याच्याकडे त्याचा हात आपोआप जातो. मोठ्या मायला "मावशी, सुईची गरज नाही, रोज थोडं चालत जा" असं सांगितलं असतं तर तिनं पन्नास रुपयेसुद्धा दिले नसते, हेही खरं आहे.

आणि पुडीवर हे थांबत नाही. तालुक्याचा डॉक्टर जळगावला, धुळ्याला पेशंट पाठवतो तेव्हा बिलाचा एक हिस्सा परत येतो, त्याला सगळे कट म्हणतात, लॅबचा कट, सोनोग्राफीचा कट, सिटीस्कॅनचा कट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात याला सरळ मनाई आहे. २०१७ ला महाराष्ट्र सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा तयार केला होता, तो तसाच राहिला. पेशंटला वाटतं आपल्याला चांगल्या ठिकाणी पाठवलं, आणि कदाचित पाठवलंही असेल, पण ज्यानं रस्ता सांगितला त्याला रस्त्याचे पैसे मिळत असतील तर विश्वास कशावर ठेवायचा?

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मधे, देशात सरकारी दवाखान्यातल्या १४.३ टक्के बाळंतपणात सिझर झालं आणि खाजगीत ४७.४ टक्के. त्याआधीच्या फेरीत हेच आकडे ११.९ आणि ४०.९ होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दहा टक्क्यांच्या वर सिझर गेल्यानं आई आणि बाळांचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. डॉक्टर मंडळी यावर जे उत्तर देतात ते मी उडवून लावत नाही. खाजगीत येणाऱ्या बायका वयानं मोठ्या असतात, शहरातल्या असतात, काही जणी स्वतःच सिझर मागतात, घरचे मुहूर्त काढून आणतात, आणि बाळाला काही झालं तर दगड डॉक्टरच्या काचेवर येतो म्हणून तो धोका घेत नाही. सगळं बरोबर. सरकारीत गरज असून सिझर होत नाही, कारण भूलतज्ञच नाही, हेही बरोबर. पण तिपटीहून जास्त फरक या सगळ्यानं भरून निघतो का? नॉर्मलसाठी रात्रभर जागायचं आणि पैसे कमी घ्यायचे, सिझर अर्ध्यापाऊण तासात आणि पैसे दुप्पट. यात निर्णय थोडा तरी कलणार नाही असं म्हणणं म्हणजे डॉक्टर माणूसच नाही असं म्हणणं.

फी बांधून द्या म्हणणाऱ्यांनी चीनचं उदाहरण नीट बघावं. तिथं माओच्या काळात गावोगाव अनवाणी डॉक्टर होते, म्हणजे थोडं शिकवून तयार केलेले गावातलेच लोक, आणि कम्यूनमधनं, म्हणजे गावाच्या सामुदायिक शेतीतनं, त्यांना बाकी शेतकऱ्यांसारखेच कामाचे गुण मिळायचे, सुई दिली काय नाही दिली काय मोबदला तोच. ऐंशीच्या दशकात कम्यून मोडले, मग गावचे डॉक्टर औषधं विकून पोट भरायला लागले. सरकारी हॉस्पिटलांचं तर आणखी वेगळं, गरीबाला परवडावं म्हणून सरकारनं तपासायची फी मुद्दाम खर्चापेक्षा कमी ठेवली आणि तूट भरून काढायला औषधांवर १५ टक्के चढवायची मुभा दिली, नव्या मशिनींच्या टेस्टवर नफा घ्यायची पण. म्हणजे आमच्या पारावरचा ठराव त्यांनी अख्ख्या देशात लागू केला. झालं काय, सलाईन आणि अँटिबायोटिक यांचा पूर आला. शेवटी २००९ पासून ते सगळं उलटं फिरवावं लागलं, औषधावरची चढ काढली, आणि २०१७ ला बीजिंगमधे ती काढताना त्याच वेळी डॉक्टरच्या तपासण्याची फी वाढवली. तीस वर्षं गेली त्यांची हे शिकण्यात.

आपल्याकडे पण झालंय की. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली, चांगलं केलं, पण लगेच हॉस्पिटलांनी प्रोसिजरचे चार्ज वाढवल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कोविडमधे मे २०२० ला राज्यानं खाजगी बेडचे दर ठरवले, साधा वॉर्ड ४००० रोज, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर असेल तर ९०००. आमच्या चुलतभावाचं त्या वेळचं बिल माझ्याकडे अजून आहे, बेडचा दर बरोबर सरकारी लिहिलाय आणि खाली पीपीई किट, ग्लोव्हज, निर्जंतुकीकरण यांच्या ओळीमागून ओळी, किटच्या रकमेत अजून एक बेड आला असता. पाटाचं पाणी एका जागी अडवलं की शेजारच्या वावरात घुसतं. तपासायची फी शंभरवर अडवली तर ते पाणी कुठं जाईल, हे पारावर कुणीच विचारलं नाही.

मग सगळ्यांना पगारावर ठेवा, असं लगेच कुणी म्हणेल. देशाची आरोग्यसेवा कशी असावी हे ठरवायला नेमलेल्या भोर समितीनं १९४६ ला हेच सांगितलं होतं, पगारी सरकारी डॉक्टर हवेत आणि त्यांना खाजगी प्रॅक्टिस नको. मी त्या बाजूचा आहे, पण पगारात काय होतं तेही लपवून चालणार नाही. पगारी माणसाला दहा पेशंट बघितले काय नि शंभर बघितले काय सारखंच, म्हणून काही जण अकराला येतात, एकला जातात आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या पाटीखाली बसतात. ते थांबवायला व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचे जादा पैसे, असतो, केंद्रात सातव्या वेतन आयोगानंतर तो मूळ पगाराच्या २० टक्के आहे, आणि ज्याला बाहेर एका आठवड्यात तेवढे सुटतात त्याला तो कसा अडवणार? पण याची दुसरी बाजू नंदुरबारला जाऊन बघा. धडगाव अक्कलकुव्याच्या पाड्यांमधे, जिथं पेशंट झोळीत घालून डोंगर उतरवतात आणि नर्मदेकाठच्या गावांना बोटीतला दवाखाना लागतो, तिथं वर्षानुवर्षं काम केलं ते भरारी पथकाच्या, म्हणजे पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या सरकारी पथकाच्या, मानसेवी डॉक्टरांनी. मानसेवी म्हणजे मानधनावर, कायम नाहीत, पेन्शन नाही, आणि मानधन वाढावं म्हणून आंदोलनं करावी लागली. सगळ्यात अवघड जागी सगळ्यात कच्ची नोकरी द्यायची आणि मग सरकारी डॉक्टर टिकत नाहीत म्हणून पगाराच्या पद्धतीलाच दोष द्यायचा? बारमाही राबणाऱ्या सालदाराचं साल बुडवलं तर तोही आखाजीची वाट बघत नाही, पोळ्यालाच निघून जातो.

धुळ्याची २०१७ ची गोष्ट इथं आठवते. मार्च महिना होता, सरकारी दवाखान्यात डोक्याला मार लागलेला पेशंट आला, तिथं न्यूरोसर्जन नव्हता, निवासी डॉक्टरनं दुसरीकडे न्यायला सांगितलं आणि नातेवाइकांनी त्या डॉक्टर पोराला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले. मारणाऱ्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण "पुढं घेऊन जा" हे शब्द ऐकले की आपल्या लोकांच्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की याला काम टाळायचंय किंवा कुणाशी तरी याचं सेटिंग आहे. त्या पोराला रेफर केल्याचा एक पैसा मिळणार नव्हता. बाहेरच्या बाजारानं रेफर या शब्दाचीच किंमत घालवली आणि त्याची शिक्षा एका पगारी, रात्रपाळी करणाऱ्या माणसाला भोगावी लागली, हे मला अजून सहन होत नाही.

तिसरा मार्ग पॅकेजचा. आजारावर ठरलेली रक्कम, सरकार हॉस्पिटलला देणार. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यात सुरू झाली त्यात धुळे होतं, आज तीच महात्मा फुले योजना म्हणून सगळ्या राज्यात आहे, कव्हर पाच लाखांपर्यंत गेलंय. या योजनेनं माणसं वाचवलीत, आमच्याच गावात दोन बायपास झाल्यात ज्यांना एरवी वावर विकावं लागलं असतं, त्यामुळं तिला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण पॅकेज पण शेवटी नगावरच असतं. २०१२ लाच छत्तीसगडमधे विमा योजनेच्या कार्डावर बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण निघालं, पोटात दुखतंय म्हणून आलेल्या तरण्या बायकांना कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन, कारण ऑपरेशनचे पैसे मिळतात, गोळ्या देऊन घरी पाठवायचे मिळत नाहीत. अन् बिलं महिनोन्महिने थकतात ही हॉस्पिटलवाल्यांची तक्रार खोटी नाही, मग योजनेतल्या पेशंटला बेड शिल्लक नाही असं सांगितलं जातं.

कुणी म्हणेल मग शेवटी सगळं माणसाच्या नियतीवरच येतं. चांगला डॉक्टर कुठल्याही पद्धतीत चांगला, वाईट कुठल्याही पद्धतीत वाईट. हा विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, कारण असे डॉक्टर मी डोळ्यानं पाहिलेत जे कटाचं पाकीट आलं की परत पाठवतात आणि पेशंटच्या बिलातनं तेवढे कमी करायला लावतात. पण त्यातले बरेच जण थकतात. पाकीट नाकारणाऱ्याकडे कुणी केस पाठवत नाही, हॉस्पिटलच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. चांगलं वागायला ज्या व्यवस्थेत रोज लढावं लागतं तिथं चांगली माणसं कमी उरणार. उलट तामिळनाडूतल्या वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज बघा, तिथं मोठ्यात मोठा सर्जन पगारावर असतो, ऑपरेशन करा नाहीतर नको म्हणून सांगा, महिन्याचा आकडा बदलत नाही, आणि आपल्याकडचे लोकसुद्धा दोन दिवसांची रेल्वे करून तिथं जातात ते कशासाठी? "ऑपरेशनची गरज नाही" हे वाक्य ऐकून विश्वास बसावा म्हणून. छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराच्या खाणमजुरांनी १९८३ ला स्वतःच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभं केलं. गरीब माणसांना जमत नाही असं नाही.

गावात पूर्वी बलुतं होतं, सुतार, लोहार, न्हावी यांना कामागणिक पैसे नाहीत, खळ्यावर सालाचं धान्य. त्या पद्धतीत जातीचा जाच होता, ती परत नको, कुणी तसं सुचवू पण नये. पण एवढं त्यातनं घेण्यासारखं आहे की अवजार वारंवार मोडण्यात सुताराचा फायदा नव्हता. आमच्या डॉक्टरचा फायदा आम्ही आजारी असण्यात आहे. इंग्लंडमधे १९४८ पासून घराजवळच्या फॅमिली डॉक्टरला त्याच्या यादीत किती माणसांनी नाव नोंदवलंय त्यावर मुख्य पैसे मिळतात, ती पद्धत इथं एका तालुक्यात का करून बघू नये? आपल्याच आशाताईंकडे बघा, त्यांना बरीच वर्षं कामागणिक मोबदला होता, बाळंतपण दवाखान्यात नेलं इतके, लसीकरण इतके. ज्या कामाला दर होता ते झालं, पण म्हाताऱ्या माणसाचं बीपी बघायला, रडणाऱ्या सुनेजवळ बसायला कुठला दर होता? त्या बसतात, स्वतःच्या पदरचा वेळ घालून बसतात.

तीनशेची फी गरीबाला जड आहे, हे काकांचं म्हणणं पूर्ण खरं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. रोजावर जाणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी आहे ती. पण पन्नासच्या दवाखान्यात ती दहा वेळा जाते, सलाईन वेगळी, लॅब वेगळी, आणि मोठ्या मायचा खुबा बसवायला जे गेले त्यात हजारभर वेळा तीनशे देऊन झाले असते. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ऑगस्ट २०२३ पासून राज्यात आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केस पेपरचेही पैसे नाहीत. निवेदन द्यायचंच तर त्या केंद्राचं द्या. तिथली डॉक्टरची दुसरी जागा का रिकामी आहे, कंत्राटी नर्सचा पगार वेळेवर का होत नाही, हे विचारा. आणि खाजगीवाल्यांकडून एकच लेखी मागा, आमचा लॅबशी, मेडिकलशी, पुढच्या हॉस्पिटलशी पैशाचा संबंध नाही, असा बोर्ड. दरपत्रक लावायचं बंधन २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमात आहेच, त्याच्या शेजारी हाही लावा.

हे सगळं मी पारावर सांगितलं, तर काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग त्या तीनशेवाल्यानं मला दिलं काय. मी चिठ्ठी मागितली. गॅसच्या गोळीचं नाव होतं आणि खाली मराठीत तीन ओळी, दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका, तंबाखू हळूहळू सोडा, पंधरा दिवसांनी येऊन दाखवा, पैसे लागणार नाहीत. काकांना वाचता येत नाही. त्यांना ती पहिल्यांदाच कुणीतरी वाचून दाखवत होतं.